दूध आटायच्या आत

६ फेब्रुवारी

शहाणे,

काल सकाळी पंपघराच्या मागे मी सापळ्याची साखळी सोडवत होतो आणि जमिनीखालून शिट्टी ऐकू आली. त्या शिट्टीच्या आधीचा मी आणि नंतरचा मी ही दोन वेगळी माणसं आहेत. हसू नकोस. मला माहितेय तू काय म्हणशील, ‘याचं दर महिन्याला आयुष्य बदलतं.’ कॉलेज सोडलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, पण तेव्हा बदलल्या होत्या फक्त जेवणाच्या वेळा आणि बाबांचा आवाज.

तू माझा नंबर बंद केलास म्हणून कागदावर लिहितोय. उत्तर दे असं म्हणत नाही. तुझ्या मावसभावाच्या गाडीच्या आरशाबद्दल या पत्रात एक अक्षर नसेल. तो मावसभाऊ आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं, एवढं बोलतो आणि तो विषय बंद.

मी आहे कुठे? मामाने मला चिकटवलंय. पाणमांजरांवर संशोधन करणारा एक प्रकल्प आहे, मामा त्यांची जीप चालवतो. मी ओझी उचलतो: सापळे, पेट्या, अँटेना, जनावरांच्या डॉक्टरांचा डबा. इथे नदीकाठाला माशांची तळी आहेत. पाणमांजरं तळ्यात शिरतात, मालकांची डोकी फिरतात, मग फास लागतात, विष पडतं. म्हणून आमच्या मॅडम, प्रकल्प त्यांचाच, एक गोष्ट तपासून बघतायत. जनावर जिवंत पकडून लांब, धरणाच्या खालच्या अंगाला, जिथे तळी नाहीत अशा पाण्यात सोडलं तर ते तिथे राहतं का? की मरतं?

तीन तारखेला पहिली मादी सापडली. शहाणे, मी तिला हात लावलाय. पाणमांजराची मान डोक्याहून जाड असते, गळ्यात पट्टा बांधला तर घरंगळून पडतो. म्हणून बोटाएवढा रेडिओ पोटात बसवतात. डॉक्टरांनी तिला गुंगी दिली, उजव्या कुशीवर निजवली, डाव्या कुशीला छेद घेतला, रेडिओ आत सरकवला आणि टाके घातले. मग मला म्हणाले, “ये, हात फिरव. पुन्हा अशी संधी मिळायची नाही.” वरचे केस ओले, राठ. ते बाजूला केले तर खाली दुसरी लोकर, इतकी दाट की कातडी दिसायला फुंकर मारावी लागली. आणि कातडी कोरडी! जन्म पाण्यात काढलेलं जनावर, आणि त्याच्या अंगाला पाणी कधी शिवलेलंच नाही.

“याच कोटापायी माणसाने यांना संपवत आणलं,” डॉक्टर म्हणाले.

“कोट त्यांचा, थंडी आपली,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झाकलेल्या पेटीतून जीपने नेऊन तिला सोडली. ती पाण्यात शिरली तेव्हा पाणी हललंसुद्धा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या, बरं का!

आणि काल ती शिट्टी. मला वाटलं पक्षी असेल. मग दुसरी आली, मग तिसरी. मी मॅडमना हाक मारली. चांगली इस्त्रीची साडी नेसलेली ती बाई चिखलात पालथी पडली आणि जमिनीला कान लावला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

“पिल्लं आहेत,” म्हणाल्या. “आपण आईला उचलून नेलं.”

यांच्या सगळ्या जुन्या नोंदी सांगतात की या काठावर या दिवसांत पिल्लं नसतात. त्यामुळे कुणी शोधलंच नाही. सगळ्यांचे डोळे तिच्या श्वासावर, टाक्यांवर, घड्याळावर. पोटाखाली वाकून कुणी फुंकर मारली नाही. माझ्या मोबाइलवरचा एक फोटो मॅडमनी मोठा करून पाहिला, तर मागच्या पायाजवळ केसांच्या फटीत चक्क दिसतोय, एक गुलाबी ठिपका, दुधाचं सड. एरवी डॉक्टर चितेवरही विनोद करतील असा माणूस. काल दिवसभरात एकही केला नाही.

तीन पिल्लं आहेत. नुकते डोळे उघडलेत.

‘तुझा’ लिहिणार होतो. नाही लिहीत.

भडक्या


८ फेब्रुवारी

शहाणे,

आधी महत्त्वाचं. ती परत फिरली.

काल मामा आणि मी अँटेना घेऊन सोडल्या जागी गेलो. कानाला यंत्र लावलं की रेडिओची टिकटिक येते, सावकाश, ठेक्यात. तिथे काहीच नाही. मामा म्हणाला, “गेली असेल खाली, समुद्राकडे.” आम्ही खाली शोधलं, शुकशुकाट. सहज वर आलो, पुलावर थांबलो, अँटेना उलट फिरवली आणि टिक… टिक… टिक. वरच्या अंगाला. प्रवाहाच्या विरुद्ध!

तू विज्ञानाची विद्यार्थिनी, तू सांग. तिला नदीने नेलंच नव्हतं. डांबरी रस्त्याने नेलं, बंद पेटीत, अंधारात. घर कुठल्या दिशेला आहे हे तिला कुणी सांगितलं? मी मॅडमना विचारलं. इतक्या शिकलेल्या बाईने मला सरळ सांगितलं, “माहीत नाही.” आमच्या कॉलेजात तीन वर्षांत एका प्राध्यापकाने हे दोन शब्द उच्चारले असते तर मी तिथेच राहिलो असतो.

आता गोष्ट अशी आहे. डॉक्टर म्हणाले, पिल्लं पीत नसली की आईचं दूध दहा-बारा दिवसांत आटतं. त्याच्या आत ती पोचली तर पिल्लं तिची. नाही पोचली तर आमची, म्हणजे जन्मभर पिंजऱ्याची. कारण, हे ऐक, पाणमांजराच्या पिल्लाला पोहता येत नाही! आई मानगुटीला धरून बुडवते, ते आरडाओरडा करतं, मग शिकतं. आपण काय शिकवणार? मामाला तर हौदातसुद्धा धाप लागते.

मी म्हटलं, “मॅडम, मग पकडून आणू या ना तिला.”

“कशी?”

“सापळ्यात.”

“एकदा सापडलेली मादी पुन्हा सापळ्यात पाय घालत नाही. आणि टाके ताजे आहेत. परत गुंगी दिली तर काय होईल ते डॉक्टरांना विचार.”

“मला नको विचारूस,” डॉक्टर म्हणाले.

“मग पिल्लंच गाडीत घालून तिच्याकडे नेऊ.”

“ती चालतेय. पिल्लं एका काठाला ठेवली आणि ती दुसऱ्या काठाने निघून गेली तर? कुत्री टपलेलीच आहेत. तिला जगात एकच पत्ता ठाऊक आहे. पिल्लं त्या पत्त्यावर असली पाहिजेत.”

पत्ता म्हणजे जुनं पंपघर. नदीला चिकटून एक खोली. एका भिंतीत पाण्याकडे उघडणारं भगदाड, जिथून पूर्वी मोठा पाइप जायचा. दुसऱ्या भिंतीला लोखंडी दार. बीळ त्या जमिनीखाली. आम्ही पिल्लं वर काढली आणि भगदाडापाशी पेटीत ठेवली. आधी तळ्याच्या मालकाची परवानगी काढायला गेलो, पंपघर त्याचं ना. तो आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, “माझेच मासे खाऊन माझ्याच पंपघरात बाळंत झाली, आणि परवानगी तुम्ही मागताय? तिने मागितली होती का?” मॅडम म्हणाल्या, “तिच्या वतीने मागते.” तो पुटपुटत किल्ली घेऊन आला. आता रोज सायंकाळी दारापाशी येतो, आत न बघता विचारतो, “आहेत का मेली?” म्हणजे ‘मेली’ ही शिवी. जिवंत आहेत म्हटलं की जातो.

खोलीत बोलायचं नाही, हा नियम. पिल्लांना माणसाच्या आवाजाची सवय लागली की संपलं. दूध पाजताना तोंडावर फडकं, हातात मोजे, आणि मोज्यांना काय चोळतात माहितेय? तिची हागण्याची एक ठरलेली जागा आहे, खडकावर. तिथलं आणून. अत्तर लावल्यासारखा फिरतोय. मामा म्हणतो, “वासाचं जमेल रे तुला, पण तू गप्प बसणार? मग नदीच उलटी वाहील.” बसतोय पण. तासन्‌तास. तू ओळखणार नाहीस मला.

आणि पुलावर ती टिकटिक ऐकली तेव्हाच मी ठरवलं. मी येतोय. पुढच्या रविवारी. जनावर एवढं चालत येतं आणि मला एक बस धरता येत नाही? तुझ्या हॉस्टेलसमोर उभा राहीन, आवाज नाही, आरसे नाहीत, नुसता उभा.

हे मामाला सांगायला नको होतं. गिअर टाकता टाकता म्हणाला, “तिला बोलावणं आहे. तिन्ही पोरं शिट्ट्या मारतायत. तुला कुणी शिट्टी मारली?”

दोन तास मी त्याच्याशी बोललो नाही. पण येतोय.

भडक्या


११ फेब्रुवारी

शहाणे,

तुझं कार्ड आलं. मामाने जीपच्या खिडकीतून फडकवलं आणि मी अँटेना टाकून धावलो. दोन वाक्यं! ‘येऊ नकोस. ती पोचली का ते कळव.’

पहिलं वाक्य मी वाचलं नाही असं समज. दुसरं पंधरा वेळा वाचलं. तुला तिची काळजी आहे. माझी नाही, तिची. एका पाणमांजराचा मला मत्सर वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

तर कळवतो. पोचलेली नाही. आणि आजचा दिवस मी विसरणार नाही.

काल ती धरणाच्या पायथ्याशी आली. धरण म्हणजे काय, समोर सिमेंटची भिंत, मान मागे टाकली तरी टोक दिसत नाही. दोन्ही बाजूंना उभी दरड, वर हमरस्ता आणि ट्रकची रांग. ती दिवसभर भिंतीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत होती. टिकटिक डावीकडे जायची, उजवीकडे यायची. आम्ही चौघं खडकावर बसून नुसतं ऐकत होतो. मला वाटलं, आता कळेल तिला. फिरेल माघारी. कुणीही फिरलं असतं.

आज सकाळी मी यंत्र कानाला लावलं आणि टिकटिक जोरात चालू होती. दुप्पट, टिकटिकटिकटिक. मी ओरडलो, “मॅडम! पळतेय ती! काय पळतेय!” मॅडमनी यंत्र काढून घेतलं, ऐकलं, आणि मटकन खाली बसल्या. मला ठाऊक नव्हतं. जनावर बराच वेळ अजिबात हललं नाही की रेडिओ आपोआप घाई करतो. मेल्याची खूण आहे ती.

आवाजाच्या दिशेने आम्ही शोधत गेलो. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला सिमेंटची नळी टाकलीय, त्यातून येत होता. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. म्हणाले, “टाका उसवला असेल. माझाच असेल.” मी वाकून नळीत बघितलं. अंधारात एक तपकिरी वळकटी. वरून ट्रक जात होते, नळी हादरत होती. मी काय केलं माहितेय? देवाला नाही, कुणाला नाही, तिलाच म्हणालो, मनातल्या मनात, ऊठ ना गं बाई.

मॅडमनी खांद्यावर हात ठेवून मला मागे ओढलं. “थांब. लांब हो. सगळे लांब व्हा.”

आम्ही झाडामागे जाऊन बसलो. किती वेळ ते मोजलं नाही. यंत्र मॅडमच्या मांडीवर. टिकटिकटिकटिक. आणि मग अडखळलं. थांबलं. टिक. मग एक श्वास जाईल एवढी शांतता. टिक. मग टिक… टिक… सावकाश, पहिल्यासारखं.

ती झोपली होती, शहाणे! चालून चालून इतकी दमली होती की मेल्यासारखी झोपली होती. डॉक्टर हसायला लागले ते थांबेनात. मामाने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. मॅडम यंत्राकडे बघत हळूच म्हणाल्या, “वीस वर्षं मी हे काम करतेय.”

मी विचारलं, “मॅडम, आता तुमचा प्रयोग फसला ना? ती राहिलीच नाही तिथे.”

“प्रयोग फसत नाही. आपण प्रश्न विचारला, ती उत्तर देतेय.”

संध्याकाळनंतर टिकटिक नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खाली नाही. दूध आटायला आता फार दिवस नाहीत.

रविवारचं अजून काही ठरवलेलं नाही.

भडक्या


१४ फेब्रुवारी

शहाणे,

ती पोचली.

एवढंच कळवायला सांगितलं होतंस, ते झालं. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब. मी मात्र लिहिणार, नाहीतर छाती फुटेल.

धरण तिने कसं ओलांडलं ते कुणालाच माहीत नाही. दरड चढली, रस्ता ओलांडला, की भिंतीतल्या कुठल्या वाटेने गेली? एक आख्खा दिवस आवाज नव्हता. आणि परवा मामा गाडीत डिझेल भरत असताना मी सवयीने अँटेना वर केली तर वरच्या अंगाला, धरणाच्या पलीकडे, साठलेल्या पाण्यावरून टिक… टिक. पंपावरच्या माणसाला मी मिठी मारली. तो म्हणाला, “पैसे रोख द्या.”

काल सकाळी डॉक्टर म्हणाले, “आज पिल्लांना दूध नाही.”

ऐकून माझा विश्वास बसेना. त्यांचं म्हणणं, ती जवळ आलीय, पण आमच्या वासाने, खाणाखुणांनी बिचकेल. भुकेली पिल्लं जोरात बोलावतील, भरल्या पोटाची झोपतील. म्हणून पाजायचं नाही. मला पटलं. खरंच पटलं. पण तासाभरात ती तिन्ही अशी ओरडायला लागली की माझं डोकं गेलं. पेटीच्या कडेवर पंजे टेकून, तोंडं वर करून. जन्म पुरता सुरूही झालेला नाही, आणि आवाज केवढा! मी बाटली उचलली. मॅडमनी हातातून काढून घेतली. मी बाहेर येऊन त्यांच्यावर ओरडलो, जसा मी ओरडतो, तुला माहितेय. म्हटलं, “एकदा आई नेलीत, आता उपाशी मारा! तुमच्या संशोधनासाठी!”

मामा जीपमधून उतरून माझ्याकडे येत होता, बहुतेक मुस्काटात द्यायला. मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं. मला म्हणाल्या, “आई मी नेली, खरंय. म्हणून तर बाटली मला सोपी आहे. ती दिली की मला बरं वाटेल. त्यांना नाही.”

मी एकदम रिकामा झालो. राग असतो ना आपल्यात, तो जातो कुठे अशा वेळी? त्या म्हणाल्या, “दुपारी पेटीतलं गवत बदलायची पाळी तुझी आहे. बोलायचं नाही. पटकन ये.” आणि तळ्याकडे निघून गेल्या. तिथे मालक तळ्यात हवा सोडणारे दोन्ही पंप बंद करून बसला होता, आवाज नको म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मासे तडफडतील म्हणून शिव्याही देत होता, आमच्या सात पिढ्यांना.

आज सकाळी पेटी रिकामी आहे. ओल्या मातीत मोठ्या पंजांचे ठसे, भोवती छोट्यांचा गोंधळ, मधूनच काहीतरी ओढत नेल्याची रेघ. सगळं नदीकडे. मॅडमनी दुर्बिणीतून पलीकडच्या बेटावर पाहिलं. ती उताणी पडली होती आणि तिन्ही पोटाला चिकटली होती. दूध होतं. डॉक्टरांनी दुर्बीण घेतली ती कुणाला देईनात. प्रकल्पाचं उत्तर मॅडमनी कळवलंय: मादीला हलवायचं नाही, आधी पोट तपासायचं, आणि तळ्यांना जाळीचं कुंपण घालायचं. मालक म्हणतो जाळी तुम्ही आणा, खांब मी देतो.

आणि रविवारी मी येत नाहीये. हे मी चिडून लिहीत नाही. माझा हात बघ, अक्षर सरळ आहे.

पण काल दुपारचं सांगायचं राहिलंय, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

मी तोंडाला फडकं बांधून गवत घेऊन आत गेलो. पिल्लं ओरडत होती. मी पेटीपाशी गुडघ्यांवर बसलो, आणि ती तिन्ही एकदम गप्प झाली. मला वाटलं, माझ्यामुळे. मग मी मान वर केली.

भगदाडात ती होती.

हाताच्या अंतरावर, शहाणे. मिशांवरून पाणी ठिबकत होतं. त्या दिवशी आमच्या समोर गुंगीत पडलेलं जनावर ते नव्हेच. ते झोपलेलं होतं, हे जागं. एवढं जागं मी आजवर काहीच पाहिलेलं नाही, माणूससुद्धा नाही. कुशीवरचा आमचा टाका दिसत होता, भोवती केस कापलेले. एका पंजाचं नख मुळासकट गेलेलं. धाप एवढी की पाठीवरचं पाणी हलत होतं. तिने पिल्लांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नाकातून एकदा फुस्स केलं, आणि थांबली. आत येईना, मागे जाईना.

मला हलता येईना. भीतीने नाही. मला बघायचं होतं. ती आत उतरेल, पिल्लं तिच्यावर तुटून पडतील, ती त्यांना हुंगेल, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते एक पाऊल पुढे होतं, आणि मध्ये फक्त मी होतो. मी कोपऱ्यात सरकलो असतो, भिंतीला चिकटलो असतो, श्वास धरला असता. कदाचित आलीही असती. कदाचित.

तिने एक पंजा मागे घेतला.

मी गवत तिथेच ठेवलं. तिच्या डोळ्यांत न बघता उठलो. मागे मागे सरकत गेलो, पाठीला लोखंडी दार लागेपर्यंत. मग वळलो, बाहेर आलो, आणि कडी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून दार लावून घेतलं.